बावन्न इंची टीव्ही आणि पिवळी वायर

आमच्या घरी बावन्न इंची टीव्ही आला त्या दिवशी पहिल्यांदा कळलं की आमच्या पडवीचं दार माणसांसाठी केलेलं आहे, मालासाठी नाही. कुवेतहून कार्गोनं आलेलं ते खोकं अब्बांनी आणि टेम्पोवाल्यानं आधी उभं धरून पाहिलं, मग आडवं, मग तिरकं. शेवटी दाराची एक फळी बिजागरीतून उचकटून काढली आणि टीव्ही आत गेला. टीव्ही होता इब्राम चाचांचा, म्हणजे अब्बांच्या धाकट्या भावाचा. ते स्वतः अंगणात खुर्ची टाकून बसले होते आणि हात वर करून "सांभाळून, सांभाळून" एवढंच म्हणत होते. टीव्ही आत गेल्यावरही ते रिकाम्या टेम्पोकडे तोंड करून "सांभाळून" म्हणतच राहिले. मी आणि चाचांचा मुलगा फैजान खांबाआड उभे राहून पोट धरून हसलो. अठरा वर्षं गल्फमध्ये फोरमन राहिलेल्या माणसाला हुकूम सोडायची अशी सवय लागते की माल नसला तरी हुकूम चालूच, असं फैजान म्हणाला. मला ते फार आवडलं आणि मी ते दुसऱ्या दिवशी कॉलेजात माझं म्हणून सांगितलं.

काशीद ओलांडून मुरूडच्या वाटेला लागलं की सुरूच्या बनामागे आमची वाडी. घर एकच, चुली दोन. पुढच्या खोल्यांत आम्ही, म्हणजे अब्बा, अम्मी आणि मी. मागच्या खोल्यांत हमीदाचाची आणि फैजान, आणि रजेवर आले की चाचा. अब्बा मुरूड ते रेवदंडा सहा आसनी रिक्षा चालवायचे. सकाळी ती रिक्षा सुरू करताना सगळ्या वाडीला खोकला लागल्यासारखा आवाज व्हायचा आणि त्या आवाजाला चाचीच्या कोंबड्या रोज नव्यानं घाबरायच्या. मधली खोली दोन्ही घरांची. तिथं जेवण, तिथं भांडण, तिथं पाहुणे, आणि आता तिथंच भिंतभर टीव्ही. जेवायला बसलं की माझ्या ताटातल्या तांदळाच्या भाकरीवर टीव्हीचा निळा उजेड पडायचा आणि कोलंबीच्या कालवणाचा रंग औषधासारखा दिसायचा.

चाचा दोन महिन्यांच्या रजेवर म्हणून आले होते. दोनाचे चार झाले, चाराचे सहा झाले, आणि कुणी विचारलं की ते सांगायचे, कंपनीनं रजा वाढवून दिली, जुन्या माणसाचा मान ठेवतात. ईद झाली की जायचं, आणि या खेपेला फैजानलाही तिकडे लावायचं, असं ठरलेलं होतं. त्या भरवशावर फैजाननं कॉलेज सोडलं होतं आणि काळा चष्मा घेतला होता.

या खेपेला चाचा तिकडच्या चालीरीती मात्र जरा जास्तच घेऊन आले होते. मासा खायचा तर चाचीनं आधी काटे काढून द्यायचे, कारण तिकडे काट्याचं कुणी खात नाही आणि सवय मोडली. चहाचा कप समोर ठेवायचा नाही, हातात द्यायचा, कारण समोर ठेवणं म्हणजे अपमान. रस्त्यात कुणी भेटलं तर आपण आधी हाक मारायची नाही, समोरच्यानं बोलल्यावर मग सलाम करायचा. पेपर स्वतः वाचायचा नाही, तो मी मोठ्यानं वाचायचा, म्हणजे माझे उच्चार सुधारतात. आणि टीव्ही बघायचा तर त्याच्यापासून दोन हातांवर स्टूल टाकून, जवळजवळ नाक लावून, कारण मोठा टीव्ही जवळून बघायची पद्धत आहे. मी या सगळ्याच्या नकला करायचे. दुपारच्या सुट्टीत मैत्रिणी डबे बाजूला ठेवायच्या आणि म्हणायच्या, सुमे, चाचा करून दाखव. मी हात पुढे करून हवेतला कप घ्यायचे आणि भिंतीला सलाम करायचे. टाळ्या पडायच्या. सतराव्या वर्षी माणूस जितका हुशार असतो तितका पुढे कधीच होत नाही. मी तर भलतीच हुशार होते.

टीव्हीबरोबर एक काळा चकचकीत डबा आला होता. तो गेम खेळायचा कन्सोल होता, टीव्हीच्या खरेदीवर फुकट मिळालेला. चाचांना त्याचं काही नव्हतं, त्यांनी तो फैजानला देऊन टाकला. फैजाननं डब्यातून पिवळ्या, लाल आणि पांढऱ्या टोकांची वायर काढली, रंगाला रंग जुळवून टीव्हीला लावली आणि गाव गोळा केलं. टीव्ही सुरू झाला. गाव बघत राहिलं. हिरव्या चिखलात बावीस उकडलेले बटाटे पळत होते. ते फुटबॉल होतं. चेहऱ्यांना डोळे नव्हते, पाठीवरचे आकडे म्हणजे शेवाळ, आणि चेंडू कुठं आहे ते बटाटे ज्या दिशेला पळतील त्यावरून ताडायचं. मोटारींच्या शर्यतीचा गेम त्याहून वाईट. खाली बारीक अक्षरांत काहीबाही सूचना यायच्या, पण त्या मुंग्यांच्या रांगेसारख्या दिसायच्या आणि निघून जायच्या. स्कोअर कोपऱ्यात अर्धा कापला जायचा. बातम्या लावल्या तर तिथंही तोच तमाशा, जुन्या चौकोनी चित्राला टीव्हीनं दोन्ही बाजूंनी धरून ताणलेलं. नेहमीची निवेदिका अशी काही रुंद झाली की अम्मीला वाटलं बाईला दिवस गेलेत, आणि पुढले तीन महिने ती रोज तिची काळजी करत राहिली.

आता टीव्ही एवढा मोठा, घरचा एवढा मान, आणि चित्र असं. म्हणजे कारण शोधायला हवं. वाडीत कारणांना तोटा नव्हता. अब्बांचं म्हणणं व्होल्टेज. मग स्टॅबिलायझर आला. तो ट्रकच्या इंजिनासारखा गुरगुरायचा, चित्र मात्र तसंच. मुरूडहून एक मेकॅनिक आला. त्यानं टीव्हीच्या पाठीला कान लावला, हे मी डोळ्यांनी पाहिलं आहे, आणि निदान केलं की खारा वारा आत गेला, तिकडच्या मालाला इथला वारा सोसत न्हाय. मग टीव्हीवर दिवसा चादर घालायला सुरुवात झाली. फैजानचा उपाय वेगळा. त्यानं रिमोट घेऊन जे जे शंभरपर्यंत जाऊ शकत होतं ते ते शंभरावर नेलं. रंग शंभर, उजेड शंभर, कडांची धार शंभर. बटाट्यांना पांढरी किनार आली आणि मैदानाचं हिरवं असं पेटलं की चाचीनं डोळ्यांवर पदर घेतला. वर त्यानं पिवळ्या वायरीला चांदीचा कागद गुंडाळला, भाकऱ्या बांधतात तो. अडाणी माणूस गप्प तरी बसतो. आमच्याकडे प्रत्येकाला थोडं थोडं कळत होतं.

मी हसते आहे खरी, पण आज अलिबागला माझं दुकान आहे, टीव्ही आणि स्पीकर बसवून देण्याचं, आणि रोरो बोटीतून मोटारीसकट उतरणारी मुंबईची माणसं मला रोज फैजानची आठवण करून देतात. भिंतीएवढा टीव्ही घेतात आणि त्याला जुना केबलचा डबा जोडतात, मग फोन करतात की पॅनेल खराब निघालं. एकानं समुद्राच्या उजेडामुळे चित्र पांढरं पडतं म्हणून समुद्राकडच्या खिडकीला जाड पडदा लावला. ज्या समुद्रासाठी बंगला बांधला त्याच्यावर पडदा. टीव्ही दुकानात ठेवतात त्या भडक सेटिंगवर होता, ते मी एका बटणात बदललं. पडदा अजून आहे, कारण पडद्याला पैसे पडले होते.

तर या सगळ्या गोंधळात एकच माणूस समाधानी होता. चाचा. कुणी चित्राला नाव ठेवलं की ते स्टुलावरून मान न वळवता म्हणायचे, "चित्र काचेसारखं हाय. तुमच्या डोळ्यांना सवय न्हाय." फैजान मागे उभा राहून कपाळावर हात मारून घ्यायचा. मला मात्र चाचांच्या त्या बोलण्याचा राग यायचा. विनोद पुरे झाला, मला आता चित्र हवं होतं. फैजान बाहेर भटकायला गेला की मला तासभर गेम खेळायला मिळायचा आणि शर्यतीत पहिल्याच वळणावर मी कठड्याला आपटायचे. खाली त्या मुंग्या काय सांगतात ते कळलं असतं तर, असं रोज वाटायचं.

खोक्यात एक जाडजूड पुस्तक होतं, अर्धं अरबी, अर्धं इंग्रजी. ते कुणी उघडलं नव्हतं, चाचीनं त्यावर लोणच्याची बरणी ठेवली होती. मी बरणी उचलली. शब्दकोश घेऊन दहा-बारा दिवस ते वाचलं, आणि जे सापडलं ते इतकं साधं होतं की मला आधी आमची आणि मग माझी स्वतःची लाज वाटली. ती पिवळी वायर जुन्या टीव्हींसाठी होती. तिच्यातून जुन्या टीव्हीच्या मापाचंच चित्र जातं, त्याच्यावर जातच नाही. बारीक, स्वच्छ चित्र पाठवायला डब्याच्या मागे वेगळं, चपट्या तोंडाचं भोक होतं, तसंच टीव्हीच्याही मागे होतं, आणि त्या दोघांना जोडणारी वायर खोक्यात दिलेलीच नव्हती. म्हणजे विहिरीएवढ्या टीव्हीत आम्ही सहा महिने चमच्यानं पाणी घालत होतो आणि विहीर भरत नाही म्हणून खाऱ्या वाऱ्याला शिव्या देत होतो.

मी हे जेवताना सांगितलं. फैजान हसला आणि म्हणाला की पोरींनी भाकऱ्यांचं बघावं. चाचीनं माझ्याकडे पाहून मान हलवली, तिचं माझ्याबद्दल आधीपासूनच बरं मत नव्हतं. बारावीनंतर मला अलिबागला इलेक्ट्रॉनिक्सचा डिप्लोमा करायचा होता. अब्बा धड हो म्हणत नव्हते, धड नाही म्हणत नव्हते, आणि चाची सरळ नाही म्हणत होती. घरात माझ्या बाजूनं एकच माणूस होता. त्या दिवशीही चाचाच बोलले. म्हणाले, "ती वाचते. वाचणाऱ्याला शिकवायचं असतं." एवढं बोलून हात पुढे केला, चाचीनं त्यात काटे काढलेला तुकडा ठेवला. ज्याची मी रोज नक्कल करत होते तो माणूस माझी वकिली करत होता, हे मला तेव्हाही दिसत होतं. नकला थांबल्या नाहीत.

वायर मिळवणं सोपं नव्हतं. कागदावर त्या चपट्या तोंडाचं चित्र काढून मी अब्बांना दिलं. अलिबागला एका प्रवाशाचं भाडं लागलं तेव्हा अब्बांनी आणली, ती प्रिंटरची निघाली. दुसऱ्या खेपेला कॉम्प्युटरच्या पडद्याची. दोन्ही वेळा दुकानदारानं छातीवर हात ठेवून सांगितलं होतं की हीच. तिसऱ्या खेपेला मी पुस्तकाचं पानच फाडून दिलं, आणि अब्बा संध्याकाळी रिक्षाच्या हँडलला वायर गुंडाळून घरी आले.

पुढच्या शुक्रवारी पुरुष नमाजला गेले, अम्मी आणि चाची ईदच्या गोड सांदणांसाठी तांदूळ दळायला गेल्या, आणि मी दार लावून घेतलं. पिवळी वायर काढली, नवी लावली. डब्याच्या मेनूत जाऊन चित्राचं माप सगळ्यात वरचं केलं. टीव्ही दुकानातल्या सेटिंगवर होता तो घरच्या सेटिंगवर आणला, ताणणं बंद केलं, फैजानचे सगळे शंभर खाली आणले. धार तर मी शून्यावर नेली, पुस्तकात तसंच होतं. मग शर्यत लावली आणि मी तिथंच फरशीवर बसले. डांबरावर तडे होते. समोरच्या मोटारीच्या काचेवर ढग दिसत होते. आणि पहिल्या वळणाआधी खाली स्पष्ट अक्षरांत आलं, ब्रेक दाबा. सहा महिने तो डबा आम्हाला ब्रेक दाबा सांगत होता आणि आम्ही कठड्यावर आपटून त्यालाच नावं ठेवत होतो.

तेव्हाच सगळ्यांना दाखवलं असतं तर ही गोष्ट इथंच संपली असती. पण मला पाहुणे हवे होते. मी सगळं पुन्हा खालच्या मापावर नेलं, टीव्हीवर चादर घातली, आणि ईदची वाट पाहिली.

ईदच्या दुपारी मधल्या खोलीत पाय ठेवायला जागा नव्हती. शिरखुर्म्याच्या वाट्या फिरत होत्या, मागं आकणी पुलावाच्या टोपावरचा निखारा चाचीनं नुकताच झटकला होता, आणि अत्तर, मटण आणि नव्या कपड्यांचा खळीचा वास एकमेकांत मिसळला होता. श्रीवर्धनहून चाचीचे भाऊ गफूरमामू आले होते. ते बोलायला लागले की बाकीच्यांनी जेवून घ्यावं, असा माणूस. फैजानच्या व्हिसाचं कुठपर्यंत आलं, हे ते चाचांना तिसऱ्यांदा विचारत होते आणि चाचा तिसऱ्यांदा सांगत होते की साहेब सुट्टीवरून आले की होईल. मी मध्येच उभी राहिले आणि म्हणाले की मला सगळ्यांना काही दाखवायचं आहे. टीव्हीचा आवाज बंद केला, म्हणजे माझा ऐकू यावा. आधी बटाटे दाखवले. मग मेनूत गेले, टीव्ही दोन क्षण काळा झाला, आणि वरचं माप आलं.

खोलीतून जो आवाज निघाला तो मला अजून आठवतो. गफूरमामू पहिल्यांदाच गप्प झाले. फैजाननं काळा चष्मा काढला. अम्मी म्हणाली की या माणसांना तर दाढ्या आहेत. अब्बा माझ्याकडे बघत होते, टीव्हीकडे नाही, आणि मला कळलं की डिप्लोमाचं झालं.

तेवढ्यात स्टुलावरून चाचा म्हणाले, "आधी पण असंच होतं."

खोली हसली. ते माझ्यावर हसले नव्हते, चाचांवर हसले होते, पण मला ते चालेना. बारा दिवस मी शब्दकोश चाळला होता. मी म्हणाले की चाचा, मी चित्र बदलत जाते, तुम्ही सांगा कुठलं चांगलं. ते म्हणाले, राहू दे, पोरी, पाहुण्यांना वाढ. मी म्हणाले, तीनदाच. गफूरमामूंना तर हेच हवं होतं. ते म्हणाले, "सांग की, इब्राम. काचेसारखं हाय ना तुझं?"

पहिल्यांदा चाचांनी बरोबर सांगितलं. नंतर माझ्या लक्षात आलं की चित्र स्वच्छ होताच माणसं हुंकार देत होती आणि चाचा ते हुंकार ऐकत होते. मी तेव्हा नुसतं सगळ्यांना गप्प बसायला सांगितलं, खेळ नीट व्हावा म्हणून. दुसऱ्यांदा ते चुकले. खोली हसली. तिसऱ्यांदा मी फुटबॉल बंद केलं आणि शर्यत लावली. मोटार सुरुवातीच्या रेषेवर उभी, आवाज बंद, वरच्या कोपऱ्यात केवढ्या तरी मोठ्या अक्षरांत फेरीचा आकडा. मी म्हणाले की चाचा, आता चित्राचं राहू दे, कोपऱ्यात काय लिहिलंय तेवढं वाचा.

चाचा पुढे वाकले. त्यांचं नाक पडद्यापासून वीतभरावर होतं. मग ते मागे झाले, गुडघ्यांवर हात ठेवले आणि अगदी फोरमनच्या आवाजात म्हणाले, "दोन-एक. पिवळेवाले पुढं हायत."

हसण्याचा जो लोट आला त्यात सगळ्यात मोठा आवाज माझा होता. सगळ्यांना वाटलं चाचांनी मस्करी केली. गफूरमामूंनी मांडीवर थाप मारली. मग एकेकाचं हसू थांबत गेलं, कारण चाचा हसत नव्हते. ते आवाजाच्या दिशेनं मान फिरवून बघत होते, की आपण काय चुकलो. हमीदाचाची आतून आली होती आणि उंबरठ्यावर उभी होती. तिच्या हातात पुलावाची परात होती आणि ती परात कुठं ठेवावी हे तिला सुचत नव्हतं.

फैजान म्हणाला, "बा, मोटारी हायत. फुटबॉल न्हाय."

चाचांनी मान पुन्हा पडद्याकडे वळवली. मग म्हणाले, "मोटारी व्हय. मला हिरवं हिरवं दिसलं. म्हटलं मैदान असंल."

रस्त्याच्या दोन्ही बाजूंना गवत होतं, ते त्यांना दिसलं होतं.

त्यानंतरचं मी पडद्याआडून ऐकलं, कारण चाचीनं बायकांना आत नेलं. जाताना तिनं माझ्याकडे बघितलंसुद्धा नाही. चाचांना साखर होती. त्या साखरेनं डोळ्यांच्या आतला पडदा खाल्ला होता. तिकडच्या वैद्यकीय तपासणीत ते निघालं आणि कंपनीनं हिशोब करून घरी पाठवलं. रजा नव्हतीच. फैजानचा व्हिसा नव्हता. साहेब सुट्टीवर नव्हते. हे सगळं फक्त चाचीला माहीत होतं, आणि ईद झाली की सांगू, ईद तरी नीट होऊ दे, असं त्या दोघांचं ठरलं होतं. अब्बांनी एकच विचारलं, मग एवढा मोठा टीव्ही कशाला घेतलास. चाचा म्हणाले, "दुकानात सगळ्यांत मोठा दाखव म्हटलं. त्याच्यात मला अजून माणसं दिसत होती."

मी पडद्याआड उभी होते आणि काटे, कप, सलाम, पेपर, सगळं माझ्यासमोर एकदम येऊन उभं राहिलं. नकला मी इतक्या हुबेहूब करत होते. आंधळं होत चाललेला माणूस कसा वागतो हे माझ्याइतकं बारकाईनं वाडीत कुणी पाहिलं नव्हतं, आणि मला काही दिसलं नव्हतं.

फैजान त्या दिवशी बापाला नको ते बोलला. मला खोटं बोलून कॉलेज सोडायला लावलं, म्हणाला, आणि ते खरंही होतं. अब्बांनी त्याला बाहेर काढलं आणि मग स्वतःही बाहेर जाऊन सकाळीच धुतलेली रिक्षा पुन्हा धुतली. पाहुणे पुलाव न खाता गेले. गफूरमामू तेवढे जेवून गेले.

पुढल्या आठवड्यात अब्बा चाचांना पनवेलला डोळ्यांच्या मोठ्या डॉक्टरकडे घेऊन गेले. गेलेली नजर परत येणार नाही, पण उरलेली राखता येईल, असं निघालं. लेझरच्या खेपा सुरू झाल्या. उशीर केलात, सहा-आठ महिने आधी यायला हवं होतं, असं डॉक्टर म्हणाले. तेवढ्यावर अम्मी लोकांना सांगायला लागली की आमच्या सुमीमुळे वेळेवर कळलं, नाहीतर सगळंच गेलं असतं. आजही नात्यात ही गोष्ट अशीच सांगतात. मी हुशार मुलगी, मी ओळखलं. मी सुरुवातीला दुरुस्ती करायचे, नंतर सोडून दिलं, कारण लोक त्याला विनय समजायला लागले. मी काहीही ओळखलं नव्हतं. मला भर खोलीत एका माणसाला खोटं पाडायचं होतं, ते मी पाडलं.

चाची माझ्याशी बोलायची बंद झाली. भांडण नाही, टोमणा नाही. मधल्या खोलीत ती माझ्या ताटात वाढायची आणि माझं नाव घ्यायची नाही. चाचांनी मात्र एक दिवस मलाच हाक मारली. मी पेपर घेऊन गेले तर म्हणाले, पेपर नको, रिमोट आण. मग म्हणाले, "तू सगळ्यांसाठी चित्र लावलंस. आता माझ्यासाठी लाव."

त्याला चार-पाच दिवस लागले. रोज दुपार कलल्यावरची असरची नमाज झाली की ते स्टुलावर बसायचे आणि मी रिमोट घेऊन शेजारी. पुस्तकात जे जे करू नका असं लिहिलं होतं ते सगळं करावं लागलं. उजेड आणि काळोख यांतला फरक टोकापर्यंत नेला. रंग इतका चढवला की माणसांच्या तोंडाला कावीळ झाली. चित्र मधूनच कापून मोठं केलं, कडा जाऊ दिल्या. फुटबॉलच्या गेममध्ये एका संघाला पिवळे आणि दुसऱ्याला काळे कपडे दिले आणि मैदान जितकं फिकं करता येईल तितकं केलं. एकेक बटण दाबत मी विचारायचे, आता. ते म्हणायचे, न्हाय. आता. न्हाय. पाचव्या दिवशी ते एकदम पुढे सरकले आणि बोट पडद्यावर टेकवून म्हणाले, हा पळतोय. बोटाखाली खरंच एक जण पळत होता. फैजान दारात उभा होता. त्या दिवसांत तो काशीदच्या किनाऱ्यावर पर्यटकांना बोटीतून फिरवायच्या कामाला लागला होता, अंगाला वाळू होती. तो आत आला, गेमचा एक रिमोट बापाच्या हातात दिला, दुसरा स्वतः उचलला आणि काळा संघ घेऊन खाली बसला. चाचा नऊ-शून्यनं हरले. पुढच्या सामन्यात आठ-शून्यनं. फैजाननं त्यांना जिंकू दिलं नाही, आणि मला वाटतं चाचांना तेच बरं वाटलं.

डिप्लोमाच्या प्रवेशाला चाचाच माझ्याबरोबर आले, अब्बांना भाडं होतं. अलिबागच्या त्या ऑफिसात ते माझं कोपर धरून चालत होते. खिडकीवरच्या माणसानं फॉर्म माझ्याकडून न घेता त्यांच्याकडे सही मागितली, पालक म्हणून. कुठं करायची ते मी बोटानं दाखवलं. सही बरीच वर गेली, माझ्या नावावरूनच गेली. खिडकीवरचा माणूस काहीतरी बोलणार होता, मी त्याच्याकडे पाहिलं, तो बोलला नाही. हा शहाणपणा मी तेव्हा नुकताच शिकले होते आणि पुरवून पुरवून वापरत होते.

पहिल्या सत्राची सुट्टी लागली तेव्हा मी घरी आले, त्या दुपारी केबलवाला घरी आला होता. नवा होता, रेवदंड्याचा. त्यानं टीव्ही सुरू केला आणि दचकून मागे सरला. पडद्यावर पिवळ्याजर्द तोंडाची, मधूनच कापलेली, कोळशासारख्या डोळ्यांची माणसं बातम्या देत होती. तो म्हणाला, भाभी, एवढा भारी टीव्ही, सेटिंगची पार वाट लावलीय कुणीतरी, थांबा, दोन मिनिटांत नीट करून देतो. त्यानं रिमोटकडे हात नेला.

हमीदाचाची तांदूळ निवडत होती. तिनं सूप खाली ठेवलं, उठली आणि त्याच्या हातातून रिमोट काढून घेतला.

"हात लावू नको," ती म्हणाली. "आमच्या सुमीनं लावलाय."